डायलिसिस युनिटमधल्या यंत्रांच्या नोंदी तपासणीसाठी कशा लावाव्यात

तपासणीला आलेला मुरलेला अधिकारी आधी कपाटातली फाइल मागत नाही. तो एखाद्या मशीनपाशी जातो, वाकून मागचा सीरियल नंबर वाचतो आणि म्हणतो, "हिचं सगळं दाखवा." ही मशीन कधी आली, कोणी बसवली, शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली, तिच्यात जाणारं पाणी गेल्या महिन्यात कसं होतं, काल तिच्यावर कोणाचं डायलिसिस झालं आणि त्यानंतर ती निर्जंतुक केली का, एवढं सगळं त्याला पाच-दहा मिनिटांत बघायचं असतं. नुकतेच रुजू झालेले डायलिसिस टेक्निशियन, बायोमेडिकल इंजिनिअर आणि नव्याने इन्चार्ज झालेल्या सिस्टर यांना ही तयारी जमावी, म्हणून हे लिहितो आहे. नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतलं चार-सहा खाटांचं युनिट असो, नाहीतर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्ससारखं मोठं सरकारी रुग्णालय असो, कामाची रीत तीच.

आधी हे समजून घ्या की नोंद कशासाठी ठेवायची. डायलिसिसचा द्रव साधारण मिनिटाला 500 मिली या वेगाने वाहतो. चार तासांत 120 लिटर द्रव रुग्णाच्या रक्ताला लागून जातो आणि दोहोंमध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. तो रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो, वर्षानुवर्षं येतो. पाणी बिघडलंय, द्रवातल्या क्षारांचं प्रमाण दाखवणारा कंडक्टिव्हिटीचा सेन्सर चुकतोय, हे त्याला खुर्चीत बसून कळणं शक्य नाही. ते आपल्याला वेळेत कळावं म्हणून नोंद असते. अशी रोजची नोंद नीट असली की तपासणीसाठी वेगळं फारसं काही करावं लागत नाही.

कोण येतं आणि काय बघतं

केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे खासगी रुग्णालयांची नोंदणी 1949 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते. त्याचे नियम 2021 मध्ये सुधारले गेले. नागपूर शहराच्या हद्दीत हे काम महापालिकेचा आरोग्य विभाग बघतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय असेल तर राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या वतीने माणसं येतात. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात चालणाऱ्या केंद्रांना राष्ट्रीय आरोग्य अभियानाची पाहणी असते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ जैववैद्यकीय कचरा बघतं, अन्न व औषध प्रशासन औषधं आणि त्यांची साठवण बघतं, अग्निशमन विभाग वायरिंग आणि बाहेर पडायच्या वाटा बघतो. एनएबीएच या रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या संस्थेचं मूल्यांकन रुग्णालयाने आपणहून मागितलेलं असतं, पण यंत्रांच्या नोंदींबाबत सर्वांत बारीक प्रश्न तिथेच विचारले जातात. म्हणून तयारी एनएबीएचच्या मापाने करा, बाकीच्या तपासण्या त्यात बसून जातात.

पहिलं काम: पायी फिरून यादी

जुनी यादी संगणकावर असते. ती उघडू नका. कोरा कागद घ्या आणि युनिटमध्ये फिरा. प्रत्येक यंत्राचं नाव, बनावट, मॉडेल, सीरियल नंबर, कुठल्या जागी आहे आणि सुरू आहे की बंद, हे डोळ्यांनी बघून लिहा. डायलिसिस मशीन, पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट, डायलायझर (रक्त गाळणारं नळकांडं) धुण्याचं यंत्र, मॉनिटर, डिफिब्रिलेटर, सिरिंज पंप, सक्शन, वजनकाटा, औषधांचा फ्रीज, यूपीएस, हातातला कंडक्टिव्हिटी मीटर, सगळं. मग हा कागद जुन्या यादीशी ताडून बघा. बहुतेक ठिकाणी फरक निघतोच. कोपऱ्यात झाकून ठेवलेली स्टँडबाय मशीन यादीत नसते, किंवा यादीतली एखादी मशीन दुरुस्तीला कंपनीकडे गेलेली असते आणि गेटपासचा पत्ता नसतो.

सरकारी रुग्णालयात हीच यादी डेडस्टॉक रजिस्टरशी, म्हणजे कायम टिकणाऱ्या सामानाच्या नोंदवहीशी, जुळली पाहिजे. खासगी भागीदारीत चालणाऱ्या केंद्रात मशीन कंपनीच्या मालकीच्या असतात, तेव्हा देखभाल कोणाची हे करारातलं कलम झेरॉक्स करून फाइलला लावा. "ते कंपनीवाले बघतात" एवढ्या उत्तराने कोणाचंच समाधान होत नाही.

प्रत्येक यंत्राला युनिटचा स्वतःचा क्रमांक द्या आणि स्टिकर समोर दिसेल असा लावा. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्ही असलेल्या रुग्णांसाठी राखून ठेवलेल्या मशीन यादीतही तशाच वेगळ्या दाखवा. एखादी मशीन त्या गटातून बाहेर काढली किंवा आत घेतली असेल तर तारीख, कारण, कोणत्या पद्धतीने निर्जंतुक केली आणि कोणत्या डॉक्टरांनी परवानगी दिली, हे लिहिलेलं हवं.

प्रत्येक मशीनची स्वतःची फाइल

सर्व्हिस रिपोर्टची एक फाइल, कॅलिब्रेशनची (मापाच्या अचूकतेच्या तपासणीची) दुसरी, बिलांची तिसरी अशी मांडणी कार्यालयाला सोयीची असते, पण "हिचं सगळं दाखवा" म्हटलं की तीन कपाटं उघडावी लागतात. एका मशीनची एकच फाइल करा. पहिल्या पानावर मशीनची ओळख आणि आतल्या कागदांची अनुक्रमणिका. मग खरेदी आदेश, डिलिव्हरी चलान, मशीन बसवल्याचा आणि सुरू करून दाखवल्याचा अहवाल, वॉरंटी, त्यानंतरचा वार्षिक देखभालीचा एएमसी किंवा सुट्या भागांसकट देखभालीचा सीएमसी करार, कर्मचाऱ्यांना दिलेल्या प्रशिक्षणाची सह्यांसकट नोंद. डायलिसिस मशीन वैद्यकीय उपकरण नियम, 2017 खाली येते, त्यामुळे उत्पादक किंवा आयातदाराच्या परवान्याची प्रत पुरवठादाराकडून मागून ठेवा. मशीनसोबत आलेलं मॅन्युअल युनिटमध्येच, हाताशी असू द्या. सर्व्हिसिंग किती महिन्यांनी किंवा किती तासांनी करायची, याचा दाखला तिथूनच द्यायचा असतो.

त्यापुढे देखभालीचे कागद तारखेप्रमाणे, नवीन वर.

सर्व्हिस इंजिनिअर जो रिपोर्ट देऊन जातो तो सही करण्याआधी वाचा. खूपदा त्यावर फक्त "पीएम डन, मशीन वर्किंग ओके" (पीएम म्हणजे ठरलेल्या वेळची देखभाल) एवढंच असतं. अशा कागदावर सही करू नका. काय मोजलं, किती आलं आणि चालणारी मर्यादा किती, हे तिन्ही आकडे हवेत: कंडक्टिव्हिटी, तापमान, धमनी आणि शिरेच्या बाजूचा दाब, ब्लड पंपाचा वेग, रक्त गोठू न देणारं औषध सोडणारा हेपारिन पंप, अल्ट्राफिल्ट्रेशनची (रक्तातून जादा पाणी काढण्याची) अचूकता, हवेचा बुडबुडा ओळखणारा डिटेक्टर, रक्तगळती ओळखणारा डिटेक्टर, बॅटरी. कोणते सुटे भाग बदलले आणि द्रवाच्या वाटेवरचा एंडोटॉक्सिन (जंतूंपासून निघणारं विष) अडवणारा फिल्टर कधी बदलला, हेही. इंजिनिअरने ज्या मीटरने मोजलं त्याच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची प्रत तिथेच मागा. ते सर्टिफिकेट एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं आहे का, आणि भेटीच्या दिवशी त्याची मुदत शिल्लक होती का, हे बघा. मुदत संपलेल्या मीटरने केलेलं कॅलिब्रेशन तपासणीत टिकत नाही.

विजेच्या सुरक्षेची चाचणी वेगळी असते. अर्थिंग आणि लीकेज करंट मोजून आलेले आकडे फाइलला लावा. रुग्णाच्या रक्ताशी जोडलेलं, पाण्याने भरलेलं विजेचं यंत्र आहे हे. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली, तेव्हापासून विदर्भात तरी कोणाला या चाचणीचं महत्त्व पटवून द्यावं लागू नये. अग्निसुरक्षेच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेचा 'ब' नमुन्यातला दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. त्याची प्रत युनिटमध्येही ठेवा.

बिघाडाची नोंदवही मी सर्वांत आधी उघडून बघतो. बिघाड कधी लक्षात आला, तेव्हा मशीनवर रुग्ण होता का, रुग्णाचं काय केलं, कंपनीला फोन कधी केला, माणूस कधी आला, काय केलं आणि मशीन पुन्हा रुग्णासाठी चालू करण्याआधी कोणी तपासली, एवढे रकाने पुरेत. रुग्णाला इजा झाली, किंवा होता होता टळली, तर वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या इजांची नोंद घेणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवल्याची प्रतही इथेच. हा कार्यक्रम 2015 पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालतो. कळवणं म्हणजे स्वतःवर तक्रार ओढवून घेणं, असा गैरसमज नव्या मुलांमध्ये असतो. तसं नाही. त्याच मॉडेलची मशीन दुसऱ्या गावातही चालू असते आणि तिथल्या रुग्णाला आपल्या एका फॉर्मचा उपयोग होतो.

पाणी: इथे वेळ द्या

नागपूरचं नळाचं पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं आणि ते क्लोरीन घातलेलं असतं. पिणाऱ्याला क्लोरीन वाचवतं, पण डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्तात ते उतरलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आपण ते कार्बन फिल्टरमध्ये काढून टाकतो. आणि ज्या क्षणी क्लोरीन निघालं त्या क्षणापासून पाण्याला जंतूंपासून कोणतंच संरक्षण उरत नाही. कार्बनच्या टाकीत, पाण्याचा कठीणपणा काढणाऱ्या सॉफ्टनरमध्ये, आरओच्या पुढच्या लूपमध्ये (मशीनपर्यंत पाणी नेणाऱ्या नळीत) जंतू वाढू शकतात. हे लक्षात घेतलं की पाण्याच्या नोंदवहीत कोणते रकाने का आहेत ते आपोआप कळतं.

सकाळी पहिला रुग्ण जोडण्याआधी पहिल्या कार्बन टाकीच्या पुढच्या नळातून पाणी घेऊन एकूण क्लोरीन मोजा, 0.1 मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त चालत नाही. मग प्रत्येक शिफ्टच्या आधी पुन्हा. नोंदीत वेळ लिहा, स्ट्रिप किंवा रसायनाचा लॉट नंबर आणि मुदत लिहा. जास्त आलं तर लगेच दुसऱ्या टाकीच्या पुढे मोजायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. तिथेही जास्त असेल तर डायलिसिस सुरू करायचं नाही, सुरू असेल तर थांबवायचं. हा क्रम भिंतीवर लावून ठेवा. तपासणीत हाच प्रश्न सर्वांत ज्युनिअर टेक्निशियनला विचारतात, इन्चार्जला नाही.

सॉफ्टनरनंतरचा कठीणपणा दिवसाच्या शेवटी मोजलेला बरा, कारण दिवसभर वापरून सॉफ्टनर थकलेला तेव्हाच कळतो. आरओच्या रोजच्या नोंदीत आत येणाऱ्या आणि तयार पाण्याची कंडक्टिव्हिटी, दोन्हीकडचा दाब, पाण्याचं तापमान आणि रिजेक्शनचं (आरओने अडवलेल्या क्षारांचं) प्रमाण असावं. रिजेक्शन काढणं सोपं आहे: आत 400 आणि बाहेर 8 मायक्रोसीमेन्स असेल तर 392 भागिले 400, म्हणजे 98 टक्के. एका दिवसाचा आकडा फार सांगत नाही. महिन्याभराचे आकडे आलेखावर टाका. हळूहळू उतरती रेघ आरओचा मेम्ब्रेन (गाळणीचा पडदा) बदलायची वेळ जवळ आल्याचं सांगते, आणि तसा आलेख तुम्ही स्वतः दाखवलात की समोरच्याचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

तापमानाचा रकाना आपल्या गावी फार कामाचा. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापतं. गरम पाण्यात आरओ पाणी जास्त देतो, पण क्षारही जास्त सोडतो, आणि जंतूंना तर ती हवा मानवतेच. त्यामुळे उन्हाळ्यात आकडे बदललेले दिसले तर कारण त्याच ओळीत सापडतं. टाकी सावलीत घेतली, झाकली, धुतली, तर त्याचीही तारीख टाका.

टँकर किंवा बोअरचं पाणी घेतलं तर त्याची वेगळी नोंद ठेवलीच पाहिजे: तारीख, वेळ, कुठून आलं, किती, आणि टाकीत घेण्याआधी क्लोरीन आणि कठीणपणा किती होता. 1996 मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू गावच्या डायलिसिस केंद्रात दुष्काळात टँकरने आणलेलं, नीट प्रक्रिया न झालेलं पाणी वापरलं गेलं. त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं आणि 50 हून अधिक रुग्ण दगावले. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर येणं ही नेहमीची गोष्ट वाटते. डायलिसिस युनिटने ती नेहमीची समजू नये.

आता प्रयोगशाळेचे अहवाल. आयएसओ 23500 या मानकाप्रमाणे डायलिसिसच्या पाण्यात जंतूंची संख्या 100 सीएफयू (वाढू शकणाऱ्या जंतूंच्या मोजणीचं एकक) प्रति मिलीच्या खाली आणि एंडोटॉक्सिन 0.25 ईयू (एंडोटॉक्सिन मोजायचं एकक) प्रति मिलीच्या खाली लागतं. मर्यादेच्या निम्म्यावर आलं की, म्हणजे 50 आणि 0.125 ला, कारवाई सुरू करायची असते. हे दर महिन्याला. क्षार आणि धातूंची रासायनिक तपासणी वर्षातून किमान एकदा. पाण्याचा स्रोत बदलला तर लगेच.

अहवाल हातात आला की तीन गोष्टी बघा. एक, तो कोणत्या मानकाशी तुलना करून दिला आहे. पाण्याची तपासणी म्हटलं की प्रयोगशाळा सवयीने पिण्याच्या पाण्याचं आयएस 10500 लावते आणि "योग्य" असा शिक्का मारते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, डायलिसिसच्या पाण्यात 0.2 च्या वर नाही. ॲल्युमिनियमची मर्यादा 0.01 इतकी कडक आहे. असा "योग्य" अहवाल फाइलमध्ये लावणं म्हणजे आपल्याला काय मोजायचं ते माहीत नाही, हे लेखी देणं. दोन, एंडोटॉक्सिनचा निकाल "1 पेक्षा कमी" असा आला तर 0.25 ची अट पाळली गेली हे सिद्ध होत नाही. त्याहून बारीक मोजणारी चाचणी मागा. तीन, कल्चर (जंतू वाढवून बघायची चाचणी) कोणत्या माध्यमावर, किती तापमानाला, किती दिवस ठेवलं. कमी पोषणाच्या माध्यमावर 17 ते 23 अंशांना 7 दिवस ही मानकातली पद्धत आहे, कारण या पाण्यातले जंतू सावकाश वाढतात. सॅम्पल दिल्याच्या दुसऱ्या दिवशी आलेला "नो ग्रोथ" पाहून खुश होऊ नका.

सॅम्पल कुठून घेतलं हे नेमकं लिहा: आरओनंतर, लूपचा शेवट, मशीन क्रमांक अमुकचा इनलेट. निर्जंतुकीकरणाच्या आधी घ्या. नंतर घेतलेलं सॅम्पल स्वच्छ येणारच. लगेच पोचवता येत नसेल तर बर्फाच्या डब्यातून पाठवा आणि 24 तासांच्या आत तपासणी सुरू होईल असं बघा.

आणि निकाल वाईट आला तर तो लपवू नका. 60 सीएफयूचा अहवाल, त्याखाली दुसऱ्या दिवशी लूप निर्जंतुक केल्याची नोंद, रसायन पूर्ण धुऊन निघाल्याची चाचणी, आणि पुन्हा घेतलेल्या सॅम्पलचा 5 सीएफयूचा अहवाल, ही चार पानं एकमेकांना लावून ठेवा. अशी चार पानं बारा महिन्यांच्या बारा "निल" अहवालांपेक्षा जास्त विश्वास देतात. वर्षभर सगळीकडे शून्य बघितलं की अनुभवी माणूस उलट सॅम्पल घेण्याच्या पद्धतीवरच प्रश्न विचारू लागतो.

निर्जंतुकीकरण आणि पुनर्वापर

मशीनच्या निर्जंतुकीकरणाच्या नोंदीत पद्धत, रसायन, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, आणि रसायन उरलं नसल्याच्या चाचणीचा निकाल हवा. बायकार्बोनेटमुळे आत चुनखडीसारखा थर बसतो, म्हणून सायट्रिक ॲसिडने केलेली सफाईही लिहा. बऱ्याच मशीन स्वतःच्या मेमरीत ही नोंद ठेवतात. मशीनचं घड्याळ बरोबर लावलेलं असू द्या, नाहीतर वहीतली वेळ एक आणि पडद्यावरची भलतीच.

डायलायझर पुन्हा वापरत असाल तर प्रत्येक डायलायझरवर रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक, आणि वहीत कितवा वापर, त्याच्या पोकळ तंतूंमधलं मूळ आणि आजचं आकारमान, निर्जंतुक करणाऱ्या पेरॲसेटिक ॲसिडच्या अवशेषाची चाचणी. आकारमान मूळच्या 80 टक्क्यांखाली गेलं की तो टाकायचा. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाचा डायलायझर पुन्हा वापरायचाच नाही. टाकलेले डायलायझर आणि ट्यूबिंग लाल पिशवीत जातात, सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. कचऱ्याच्या या नोंदी पाच वर्षं जपायच्या असतात आणि वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत द्यायचा असतो.

छोटी यंत्रं

वजनकाटा कोणाच्या लक्षात राहत नाही. रुग्णाच्या अंगातून किती पाणी काढायचं ते त्याच काट्यावर ठरतं, तेव्हा त्याचा पडताळणीचा शिक्का आणि दाखला बघून ठेवा. डिफिब्रिलेटरची रोजची चाचणी, रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन इंजेक्शनच्या फ्रीजचं 2 ते 8 अंशांमधलं तापमान दिवसातून दोनदा, ऑक्सिजनचा दाब, यूपीएसची बॅटरी, जनरेटर किती वेळात भार घेतो. एका पानावर रोजची चेकलिस्ट पुरते.

वह्या एकमेकींशी ताडून बघा

तपासणीआधीचा एक आठवडा यासाठी ठेवा. प्रत्येक वही वेगवेगळी वाचली तर बरोबर वाटते. चूक दोन वह्यांच्या मध्ये असते. बिघाडाच्या वहीप्रमाणे मशीन क्रमांक 4 मंगळवार-बुधवार बंद होती, आणि रुग्णाच्या शीटवर बुधवारी दुपारी त्याच मशीनवर डायलिसिस झालेलं आहे. बहुतेक वेळा शीटवर सवयीने लिहिलेला क्रमांक हे कारण असतं, पण योजनेतल्या रुग्णाच्या बाबतीत क्लेमचा प्रश्न उभा राहतो. तसंच, रविवारी युनिट बंद असताना क्लोरीनच्या वहीत रविवारची सही. किंवा रजेवर असलेल्या टेक्निशियनची सही. कोणतीही तीन मशीन आणि कोणतेही तीन दिवस निवडा आणि हजेरीपट, रुग्णशीट, पाण्याची वही, निर्जंतुकीकरणाची वही समोरासमोर ठेवून बघा.

यात रिकाम्या जागा सापडतील. त्या भरू नका. एकाच पेनने, एकाच हाताने भरलेले तीस दिवस ओळखायला दोन सेकंद पुरतात, आणि एकदा ते ओळखलं गेलं की खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो आकडा रुग्णाच्या जिवाशी जोडलेला आहे. न मोजलेलं मोजलं म्हणून लिहिणं आपल्या कामात बसत नाही. रिकामी जागा तशीच ठेवून आजच्या तारखेने शेरा लिहा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नोंद आढळली नाही, कारण हे, पुढे यासाठी हे केलं, आणि इन्चार्जची सही. चुकलेला आकडा एका रेघेने खोडा, खालचा वाचता यावा, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनरची बाटली युनिटमधून काढूनच टाका.

संगणकावर नोंद ठेवत असाल तर कोणी, कधी भरली आणि बदलली हे त्यात दिसलं पाहिजे, आणि बॅकअप कुठे आहे ते रात्रपाळीच्या माणसालाही माहीत हवं.

त्या दिवशी

यादी, मशीनच्या फाइली, पाण्याच्या वह्या एका टेबलावर. सोबत फिरायला एकच माणूस, ज्याला फाइली कुठे आहेत ते ठाऊक आहे. डायलिसिस चालूच राहील. तपासणीसाठी रुग्णाची वेळ पुढे ढकलू नका. विचारलं तेवढंच सांगा, माहीत नसेल तर "बघून सांगतो" म्हणा. "मशीन तर बरोबर चालून राहिली ना, सर" हे उत्तर आपल्याकडे हमखास ऐकू येतं. त्याऐवजी शेवटच्या सर्व्हिसिंगचं पान उघडून पुढे ठेवा. दाखवलेल्या त्रुटी तिथल्या तिथे आपल्या वहीत उतरवून घ्या, मुद्दा क्रमांकासकट.

नंतर पूर्तता अहवाल पाठवताना प्रत्येक मुद्द्यासमोर काय केलं, कोणी केलं, कोणत्या तारखेला, आणि पुरावा म्हणून कोणतं पान जोडलं, हे चार रकाने ठेवा. जे अजून व्हायचं आहे, उदाहरणार्थ मेम्ब्रेनची खरेदी, तिथे "झालं" लिहू नका. खरेदी आदेशाची प्रत आणि अपेक्षित तारीख लिहा आणि तोवर पाण्याची तपासणी किती वेळा वाढवली तेही कळवा. अहवालाची पोच घेतलेली प्रत त्या त्या मशीनच्या फाइलमध्ये लावा, कारण पुढच्या खेपेला येणारा माणूस तीच आधी मागतो.